अर्ध्या सुराने उतरलेला पियानो

काकड्यांची बरणी अर्धी भरली होती. तळाला द्राक्षाची पानं, त्यावर शेपू, मग काकड्या उभ्या दाटून, पुन्हा पानं. मिठाचं पाणी उकळून निवायला ठेवलं होतं. तेवढ्यात मागच्या दाराने एल्वा क्लाइनिग आली आणि टोपी न काढताच खुर्चीत बसली.

"व्हर्ना, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

"आधी टोपी काढली असती," मी म्हटलं.

ती हसली नाही. म्हणजे प्रकरण पियानोचंच होतं.

आमच्या शाळेच्या सभागृहात एक मोठा पियानो आहे. आजोबांच्या पिढीने जर्मनीहून इथे ऑस्ट्रेलियात जहाजाने मागवलेला. आता त्याच्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात, काही दाबल्या की वर यायचं विसरतात, आणि सूर लावून घेतला तरी पंधरवड्यात पुन्हा बेसूर होतो. शाळेची एक जुनी विद्यार्थिनी मृत्युपत्रात त्याच्यासाठी रक्कम ठेवून गेली, त्यामुळे पैशाची चिंता नाही. प्रश्न एवढाच, की हाच आतून नव्याने बांधून घ्यायचा की दुसरा आणायचा. मंडळाने ठरवलं, एल्वा सांगेल ते. आणि सांगायचं उद्या, उपासना झाल्यावर.

एल्वाशिवाय कुणाला विचारणार? तिच्या घरी द्राक्षांचा मळा होता, पण पियानो नव्हता. शाळा सुटली की सभागृहात एकटी बसून ती याच पट्ट्यांवर शिकली. पुढे त्याच शाळेत सकाळच्या प्रार्थनेला वाजवायला लागली ती आजतागायत. लग्न केलं नाही. आईबापांचं म्हातारपण काढलं, आणि गावातल्या निम्म्या पोरांची बोटं सरळ केली. पोरं तिला टान्टे एल्वा, म्हणजे एल्वामावशी, म्हणतात, आता पोरांची पोरंही म्हणतात.

तिच्याबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक. एक, चर्चचा ऑर्गन तिने कधी वाजवला नाही. तीन पाळकांनी विनवून पाहिलं. "तो चढा आहे," एवढंच म्हणायची. रेडिओवरचं गाणंही तिला चढंच वाटायचं. म्हणायची, हल्ली सगळ्यांनाच घाई.

दुसरी गोष्ट बँडची. आमच्याकडे सुगीच्या उपकारस्तुतीला सभागृहात गीत होतं तेव्हा एक कडवं पितळी बँड वाजवतो, दुसरं पियानो, तिसरं पुन्हा बँड. दोघं एकत्र कधीच नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हातारे सांगायचे, वाडवडिलांची रीत आहे, देवाच्या स्तुतीत कुणी कुणावर कुरघोडी करू नये. मागच्या पाळकांनी तर यावर सुंदर प्रवचन दिलं होतं. मी रडले होते.

आणि मग या मंगळवारी ॲडलेडहून पियानो दुरुस्त करणारा आला.

मी केक घेऊन गेले होते म्हणून समोर होते. कॅलम नावाचा माणूस, उंच, सारखा शिंकणारा. त्याने झाकण काढून विजेरी आत धरली आणि म्हणाला, "ज्या लाकडात या खुंट्या बसवल्यात ते तडकलंय. आजचं नाही, फार जुनं आहे. तेव्हा कुणीतरी शहाणपणा केला, सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवून ठेवल्या. ताण कमी झाला म्हणून हा टिकला."

"उतरवून म्हणजे?" एल्वाने विचारलं.

त्याने खिशातून लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी काढलं, गुडघ्यावर आपटलं आणि तिच्या कानाशी धरलं.

"हे चुकलंय," एल्वा लगेच म्हणाली.

"नाही बाई. जगभर हाच सूर. खाली आहे तो तुमचा पियानो."

केक तसाच राहिला. मला तेवढ्यात बँडची रीत आठवली आणि हसू आलं. वाडवडील, कुरघोडी, प्रवचन, सगळं त्या तडकलेल्या लाकडापायी! दोघांचा सूरच जुळत नव्हता म्हणून एकत्र वाजवत नव्हते, आणि कारण विसरून आम्ही त्याचा धर्म करून टाकला. घरी आल्यावर नवऱ्याला, क्लेमला, सांगितलं तर तो म्हणाला, "सोपं आहे. पियानो राहू दे, बँडला अर्धा फूट खड्ड्यात उभं करा."

पण तिथे एल्वाचा चेहरा पाहिला आणि माझं हसू विरलं होतं. तिला वेगळंच आठवलं होतं.

ती चौदा वर्षांची असताना तिला ॲडलेडला पियानोच्या परीक्षेला पाठवलं होतं. नवा फ्रॉक, केसांत रिबीन. तिथल्या पियानोवर तिने पहिला स्वर दाबला आणि भलताच आवाज आला. दुसरा दाबला, तोही भलता. बोटं एक सांगत होती, कान दुसरंच. ती मधेच उठली. तेव्हापासून तिने मनाशी धरलं, की देवाने आपल्याला चार माणसांत वाजवण्याचा धीर दिलेला नाही, आपण घरच्या अंगणातल्याच. तसंच आयुष्य काढलं.

आज माझ्या स्वयंपाकघरात ती म्हणत होती, "हा बांधून घेतला तरी तो वर चढणार. नवा आणला तरी वरचाच येणार. म्हणजे कसंही केलं तरी माझी बोटं आंधळी होणार. मग मला विचारतात कशाला?"

"बांधून घ्या पण खालीच ठेवा, असं सांग."

"सांगणार होते. तो म्हणाला, ठेवता येईल." तिने टोपी काढली, पुन्हा घातली. "पण रोझलिंड लिंडनर पुढच्या वर्षी परीक्षेला जायची आहे. तीही याच पियानोवर शिकतेय, आणि तिचा कान माझ्यासारखा आहे, व्हर्ना. जसाच्या तसा."

मी शेपूच्या काड्या मोडत राहिले.

"मग नवा घ्या म्हण."

"आणि ह्याला काय, मोडीत? त्याची काय चूक?"

"मग बांधून घ्या म्हण."

"आणि मी काय करू? पोरांसमोर चाचपडू? या वयात?"

"तुझं एक धड ठरव गं बाई!"

"ठरत असतं तर तुझ्या काकड्या बघत बसले असते होय!"

देवाने धीर दिला नाही म्हणून एक बाई जन्मभर मान खाली घालून राहिली, आणि धीर तर होता. मग मधली सगळी वर्षं काय होती? यावर आनंद करायचा की रडायचं? पवित्र शास्त्रात यासाठी कुठलं वचन आहे मला आठवेना, आणि अशा वेळी मला हमखास काहीतरी आठवतं.

इतक्यात चर्चची घंटा सुरू झाली. शनिवार मावळला की ती वाजते, आणि आमच्याकडे हातातलं काम थांबतं. मी ओले हात जोडले. एल्वानेही डोळे मिटले. घंटा थांबल्यावर तिने तोंडातल्या तोंडात तिचा सूर धरला, थांबली, आणि मग हळूच तो सरकवला. जरासा वर. चेहरा असा केला जणू लिंबू चावलं.

"शी," ती म्हणाली. "सगळा घसा वाकडा होतो."

पुन्हा धरला.

"बांधून घ्या, असं सांगते उद्या," ती म्हणाली. "आणि खरा सूर लावा. फुटू नये म्हणून कुणी त्याला उतरवलं होतं, आता लाकूड नवं घालून वर चढवा म्हणावं. पट्ट्या त्याच राहतील. काम व्हायला सात-आठ महिने लागतील म्हणाला तो."

"आणि तू?"

"ते मला नाही ठाऊक," एल्वा म्हणाली. "उद्या सकाळी पुन्हा मत बदललं तर मला उपासनेत कोपराने ढोस."

"दोन्ही कोपरांनी."

ती उठली. दारात थांबून माझ्या बरणीकडे पाहिलं. "पानं कमी घातलीस. काकड्या मऊ पडतील."

"कुठे निघालीस? अंधार पडतोय."

"बँडवाल्या मर्विन ओब्स्टकडे. त्याच्या पितळी कॉर्नेटवर तो खरा सूर एकदा वाजवून घ्यायचाय."