भाऊजींचे आठ टायर

अख्ख्या मेहकर तालुक्यात आमच्या भाऊजींइतकं आभाळाकडे पाहणारा दुसरा माणूस नाही, आणि त्यांच्या नावावर गुंठाभरही शेत नाही. आहेत ते आठ टायर. चार कोरड्या रस्त्याचे, मऊ आणि जवळजवळ गुळगुळीत. चार पावसाचे, खोल खाचांचे. गाडी मात्र एकच. पुण्याच्या कुणा हौशी माणसाने बांधून घेतलेली ही लाल, बुटकी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या भाऊजींच्या मनात कशी भरली, देव जाणे. ती इतकी हलकी आहे की चार जण मिळून उचलून बाजूला ठेवतात. पण हलकी म्हणूनच ती साचलेल्या पाण्यावर रस्ता सोडून तरंगायला लागते, आणि भाऊजींच्या जिवाला तोच घोर.

ढग दिसला की खाचांचे टायर, ऊन पडलं की गुळगुळीत. ते बदलून होईपर्यंत हवा पालटते, पुन्हा जॅक लागतो आणि तिकडे लग्न लागून पंगती उठतात. दसऱ्याला ताई चाकाखाली लिंबू ठेवायला गेली तर केवढ्याने ओरडले, "काढ ते पहिले! आंबटानं रबर खराब होते!" पावसात गाडीला वजन हवं म्हणून शेजारच्या सीटवर तुरीचं पोतं ठेवतात आणि त्याला पट्टाही बांधतात. पूर्वी त्या जागी त्यांची लेक गुड्डी बसायची. तिचं लग्न होऊन ती खामगावला गेली आणि पोतं आलं.

गुड्डीची पहिली पंचमी होती. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला लेकीला आणायला घरचं माणूस जातं आणि लेक सकाळपासून पिशवी भरून वाट पाहत बसते. तिने फोनवर बजावलं होतं, "बाबा, आपल्याच गाडीनं या. एसटीनं आले तं मी येतच नाई." पंचमी दुसऱ्या दिवसावर आली होती आणि श्रावणातला ऊन-पाऊस सकाळपासून भाऊजींचा छळ मांडून बसला होता. सणाला म्हणून मी ताईकडे गेलो आणि टायर बदलणाऱ्या भाऊजींच्या हाती पाने देण्याच्या कामाला लागलो. फोन वाजला. "बाबा, निघाले का?"

"हाव, निघूनच राह्यलो," भाऊजी म्हणाले. गाडी जॅकवर होती.

"इतकं काऊन भेता?" मी विचारलं.

"अबे, मागच्या पावसात डोणगावच्या रोडवर गाडी पाण्यावर गरकन फिरली, तवा गुड्डी बाजूले होती. तिले हसू आलं. तवापासून मी आभाळच पाहून राह्यलो."

मी पुढचा पाना त्यांच्या हातात दिला.

शेवटी खाचांचे टायर बसले. पोतं मात्र भिजून फुगलं होतं. भाऊजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तूच चाल. वजन तेवढंच हाय तुह्यं."

मी बसलो. ट्रॅक्टरांनी शेतातून आणलेला काळा चिखल डांबरावर जागोजागी पसरला होता. चिखलाच्या प्रत्येक लपक्याला भाऊजी श्वास रोखून धरत, आणि त्यांचं पाहून मीही. दुपार कलताना खामगावला पोचलो. गुड्डी ओट्यावर पिशवी घेऊन बसली होती. धावत आली आणि थबकली. तिने बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दोन सीटांकडे. दिवसभर आठ टायरांचा विचार करणाऱ्या आम्हा दोघांना येताना तीन माणसं होणार हे सुचलं नव्हतं. गुड्डी पोट धरून हसली, आणि मला एसटीत बसवण्यात आलं.

वाटेत माझ्या बसने त्यांना मागे टाकलं. रस्ता सुकला होता, तरी गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती. गुड्डी हातवारे करून काही सांगत होती आणि भाऊजी एकदाही वर आभाळाकडे पाहत नव्हते. मी घरी पोचलो, दिवेलागण झाली, ताई दारात येरझारा घालून रडकुंडीला आली, तेव्हा कुठे दोघं आले.

"रोड कोरडा होता ना?" मी विचारलं.

"घरी पोचली का तिच्या मायची होऊन जाते," भाऊजी चाकावरचा चिखल खरवडत हळूच म्हणाले. "रोडवर हाय तोवरच माही."

पंचमी झाली, गुड्डी सासरी गेली. परवा मेहकरात भाऊजी दिसले. कडक ऊन, कोरडा रस्ता, गुळगुळीत टायर. वजनाची काही गरज नव्हती. तरी शेजारच्या सीटवर पोतं होतं, नीट पट्टा बांधलेलं.