माकडं पेरणारी फेंगश्या

फेंगश्याने माकडं पेरली तेव्हा अख्खं गाव पोट धरून हसलं. माकडं म्हणजे झाडावरची ती शेपटीवाली नव्हेत हो! उन्हाळ्यात झाडाला चिकटून दिवसभर किर्र किर्र करत डोकं उठवतो ना, त्या सिकाडा किड्याचं जमिनीखालचं, पंख न फुटलेलं पिल्लू. तिन्हीसांजेला भोक पाडून वर येतं आणि सरसर झाडावर चढतं, म्हणून आमच्या चीनमधल्या शानतुंगात त्याला माकड म्हणायचं. मिठाच्या पाण्यात मुरवून खरपूस तळलं की वाफवलेल्या पावाबरोबर माणूस बोटं चाटत बसतो. आणि हे सगळं फुकट! ज्याच्या बॅटरीच्या उजेडात दिसलं त्याचं, मग जमीन कुणाच्या का बापाची असेना. असल्या मालाची शेती करायची म्हणजे नदीकाठी बसून पाणी विकायचं.

पण फेंगश्याला सांगणार कोण? नवरा गेला आणि नदीकाठची पॉपलरची झाडं मागे राहिली. तिच्या लग्नाच्या वर्षी नवऱ्याने आणि थोरल्या दिराने मिळून लावलेली. दीर युआनफू म्हणाला, "झाडं वयात आलीत, प्लायवूडवाल्याला देऊन मोकळे होऊ." ही कडाडली, "भावजी, हात तर लावून बघा!" शेवटी तिने सिकाडाने अंडी घातलेल्या काटक्या आणल्या, त्यातून निघालेली बारीक पिल्लं मुळांशी पुरली आणि ती मोठी होईपर्यंत, म्हणजे तीन उन्हाळे, मुदत मागून घेतली. तेव्हाही माकडं निघाली नाहीत तर करवत. बोलणं झालं, गावाने ऐकलं.

तो तिसरा उन्हाळा आला. फेंगश्याने प्रत्येक खोडाला गुळगुळीत चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे माकड तिथून घसरावं, वर जाऊन त्याला पंख फुटू नयेत. गावाच्या बॅटऱ्या आत शिरू नयेत म्हणून भोवती जाळी मारली. कोंबड्यांना बंदी, पोरांना बंदी. स्वतःसुद्धा चवड्यांवर चालायची. आणि पाण्याचा थेंब म्हणून दिला नाही. "बुडतील ना बिचारी!" म्हणायची. जमीन तापून नुसती दगड झाली. रोज संध्याकाळी ही बॅटरी घेऊन फिरायची आणि एवढंसं भोकसुद्धा दिसायचं नाही.

इकडे युआनफूच्या अंगणात मात्र रोज तळणीचा घमघमाट. जाळीला लागूनच त्याचा भुईमूग होता. मुदत संपत आली तेव्हा एका दुपारी त्याने हाक मारली, "फेंगश्या, ये, चार माकडं खाऊन जा. उद्या सकाळी करवतवाले येतायत. रिकाम्या पोटी रडू नये माणसाने."

"रडेल माझी चप्पल!" म्हणत ती आली, कारण वासाने तिच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. एक खाल्लं. चांगलं भरलेलं, गुबगुबीत. दुसरं उचललं आणि हात थांबला.

"भावजी, ही सापडली कुठं?"

"कुठं म्हणजे? माझ्या भुईमुगात. पाणी सोडलं की संध्याकाळी भसाभसा वर येतात. देव देतो तेव्हा असं देतो, पेरावं लागत नाही."

"भुईमुगात झाड आहे एक तरी?"

"नाही बुवा."

"मग इतकी वर्षं मातीत ही काय हवा पीत होती? झाडाच्या मुळांचा रस पिऊन जगतात मेली! मुळं कुणाची?"

युआनफूने जाळीकडे मान वळवली. पॉपलरची मुळं जाळी थोडीच बघतात! ती केव्हाच त्याच्या ओल्या रानात घुसली होती.

"सापडलं त्याचं," तो पुटपुटला. "गावचा रिवाज आहे."

"खा हो, पोटभर खा! मी कुठं मागतेय? पण तुमच्या ओल्या मातीतनं ती वर आली आणि माझी खाली कोंडून राहिली. मीच मुलखाची बावळट!"

ती तशीच उठली. दिराचाच पंप चालू केला, पाइप ओढत नेला आणि उन्हं कलेपर्यंत झाडांखालची जमीन भिजवत राहिली. जाता-येता लोक ओरडायचे, "माकडांना आंघोळ का गं?" तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

दिवेलागणीला माती हलली. बोटाएवढं भोक पडलं. मग पलीकडे एक, मग तिच्या पायापाशीच. बघता बघता खोडं चढत्या माकडांनी भरून गेली. पट्टीपर्यंत जायची, घसरायची, पुन्हा चढायची. फेंगश्याने चिखलातच बसकण मारली आणि भोकाड पसरलं. "अहो, बघा ना! राहिली हो तुमची झाडं!" नवरा गेला तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.

जाळीपलीकडे युआनफू बॅटरी घेऊन उभा होता. त्याने फोन लावला. "उद्या येऊ नका. हो, परवासुद्धा नको. अरे बाबा, यायचंच नाही!" मग जाळी वर उचलून, गुडघ्यांना चिखल लागला तरी पर्वा न करता, तो वाकून आत आला. आपल्या भुईमुगात सापडलेलं एक माकड त्याच्या मुठीत होतं. ते त्याने हळूच खोडावर ठेवलं.

"धाकट्या भावाचं आहे हे," तो म्हणाला आणि माकडांसाठी बादली आणायला गेला.