मामा पळायला निघतात

एकट्यानं पळायला निघून एवढी माणसं गोळा करणारा धावपटू अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात आमच्या बायकोच्या मामांशिवाय दुसरा झाला नाही, आणि नळदुर्गचा किल्ला उभा आहे तोवर होईल असं वाटतही नाही. मामा नळदुर्गातच आमच्या शेजारी राहायचे. जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा पुण्याला, मामी देवाघरी. घरात बोलायला एक रेडिओ, तोही त्यांचं काही ऐकून न घेणारा. पासष्टी ओलांडल्यावर एक दिवस त्यांनी जाहीर केलं की आपण सोलापूरची मॅरेथॉन पळणार. मॅरेथॉन म्हणजे किती, तर साधारण आमच्या दारापासून सोलापूरच्या वेशीपर्यंत. बायको म्हणाली, मामा, एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट आहे, पळत कशाला जायचं? त्यावर मामा म्हणाले, "तिथं शेवटाला माणसं उभी असतात, बाळ. टाळ्या वाजवीत. एसटीतून उतरल्यावर कोण उभं ऱ्हातंय?" आम्ही दोघं हसलो. मामा हसले नाहीत.

उभी हयात बैलांचे खुर आणि म्हशींची पोटं तपासण्यात गेल्यामुळे शरीराविषयीचे त्यांचे सगळे आडाखे चार पायांवर बेतलेले होते. सकाळी भिजवलेले हरभरे आणि गूळ, कारण कामाच्या बैलाला तेच देतात. गुडघा सुजला की ओट्यावर पाय सोडून ते त्याला थोपटत, हो हो करत समजावत. डॉक्टरकडे चला म्हणालो, तर मलाच विचारलं, "गुडघ्याचा फोटो काढून आलेला बैल बघितलाय का जावईबापू?" नव्या बुटांना तर ते सरळ नालच म्हणायचे, आणि नाल ठोकून झाल्याशिवाय जनावर डांबरी रस्त्यावर काढू नये, हे मला दर दोन दिवसांनी ऐकवायचे.

पण खरी पंचाईत निघतानाची होती. आपल्याकडे घराबाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि घरातल्यानं 'या' म्हणायचं असतं. मामी होत्या तोवर हे बिनबोभाट चाललं. आता रिकाम्या घराला येतो म्हणून कसं भागणार? म्हणून मामा पहाटे आमच्या दाराशी येत, "येतो गं" म्हणून हाक देत, आणि आतून 'या' येईपर्यंत जागच्या जागी पळत राहत. एकदा आम्हाला जाग यायला उशीर झाला, तर त्यांचं निम्मं पळणं आमच्या पायरीवरच उरकलं. परत आल्यावर मात्र दार वाजवत नसत. सगळे कामाच्या घाईत असतात म्हणायचे, आणि गपचूप आपलं कुलूप उघडून आत जायचे.

रस्ता त्यांनी जळकोटचा धरला होता. आमच्या भागात वयाचा माणूस पळताना दिसला की त्याची एसटी तरी चुकलेली असते, नाहीतर कोणीतरी गेलेलं असतं. मोटारसायकली थांबायच्या, बसा म्हणायच्या, आणि मामा बसायचे. माणूस आपल्यासाठी थांबतंय, त्याला न्हाय कसं म्हणायचं, हा त्यांचा सवाल. त्यांची थोरली बहीण, अक्का, जळकोटला असते. एका सकाळी कुणा दूधवाल्यानं मामांना तिकडे पळत जाताना पाहिलं आणि गावात सांगितलं की अक्का गेल्या. तासाभरात मामांच्या अंगणात माणसं खांद्यावर टॉवेल टाकून बसली, बायकांनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात नळदुर्गला कोणीतरी गेलं असं ऐकून अक्काच जीपमधून रडत उतरल्या. मग मामा उसाच्या ट्रॅक्टरवर बसून आले. अक्कांनी त्यांना चारचौघांत फाडून खाल्लं. मामांनी पातेलंभर चहा ठेवला, कोणालाही उठू दिलं नाही, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लई दिसानं घर भरलं."

मॅरेथॉनला ते आदल्या दिवशी एकटेच गेले. आम्हाला चला म्हणाले नाहीत. पहाटे बायकोचा फोन वाजला. मागे भोंगे, गलका, आणि मामांचा आवाज, "येतो गं." तिनं 'या' म्हटलं, फोन ठेवला आणि दिवा लावला. मग मला म्हणाली, "या म्हणलंय मी. आलेल्या माणसाला समोर कुणी नको का?" आम्ही पहिली एसटी धरली.

मामा दिसले तेव्हा टाळ्या वाजवणारे केव्हाच जेवायला गेले होते आणि मांडववाले खुर्च्या आवरत होते. मामा वाकडेतिकडे पाय टाकत, मान खाली घालून येत होते. शर्यत संपायची रेघ चार पावलांवर असताना त्यांनी वर पाहिलं. बायको उभी होती. ते थांबले आणि म्हणाले, "आलो."

तिच्या तोंडून घरातल्यासारखंच निघालं, "बसा मामा, पाणी देते." आणि मामा बसले. रेघेच्या अलीकडे, भर रस्त्यात, मांडी घालून. पदकं वाटणारी पोरं ओरडत होती की काका, आधी रेघ ओलांडा. मामांनी हात वर केला, तांब्याभर पाणी प्यावं तसं सावकाश पाणी प्यायले, डोळे पुसले, आणि मग माझा हात नाकारून पलीकडे चालत गेले. पदक बांधाबांध झालेल्या खोक्यातून काढून द्यावं लागलं.

पुढं मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. बरंच झालं, या वयात एकटं राहू नये. मी अजून पहाटे जागा होतो, आणि पायरी गप्प असते. परवा पहाटे त्यांचा फोन आला. म्हणाले, इथं इमारतीभोवती गोल पळावं लागतंय, थांबून 'बसा' म्हणणारं कुणी नसतं, म्हणून पळणं तेवढं पुरं होतंय. मग म्हणाले, "आत्ताच आलो. घरात सगळी झोपलीत."

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "बसा मामा."