तीन नाकांचा फोटो

बाबांच्या जुन्या संगणकातल्या फोटोत मी सहा वर्षांची आहे आणि मला तीन नाकं आहेत: एक लाल, एक हिरवं, एक निळं. त्या काळी घरच्या संगणकात फोटो घ्यायचा म्हणजे सोहळाच असे. व्हिडिओ कॅमेरा कृष्णधवल. त्याच्यापुढे बाबा आधी लाल काच लावत, मग हिरवी, मग निळी. दर काचेला संगणक सावकाश एकेक ओळ टिपत जाई आणि शेवटी तिन्ही चित्रं एकावर एक ठेवून रंगीत फोटो करी. तोवर समोरच्याने पुतळा होऊन बसायचं. मला कुठलं जमतंय! दर काचेला बाबा ओरडत, “हलू नकोस गं!”

तेच बाबा आता सौदीत, हुफूफला आमच्याकडे असतात. आई गेली आणि पाठोपाठ पक्षाघाताने यांची वाचा गेली. मी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. प्रयत्न केला तर बोलणं परत येऊ शकतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून चिडचिडही माझीच जास्त व्हायची. मी बोलण्याचे व्यायाम घ्यायला बसले की बाबा सरळ भिंतीकडे तोंड करत.

शेवटी नवरा सुट्टीत नाशिकला बाबांच्या घरी गेला तेव्हा तो संगणकच कॅमेरा-काचांसकट उचलून घेऊन आला. दम्मामच्या विमानतळावर कस्टमवाल्याने तिन्ही काचा उजेडात धरून पाहिल्या, हसला आणि म्हणाला, “खलास, यल्ला.” म्हणजे झालं, निघा.

शुक्रवारी सकाळी बाबांनी एकट्या डाव्या हाताने सगळ्या वायरी जोडल्या. मी मदतीला गेले तर माझा हात झटकला. इतकं बरं वाटलं मला! संगणक कुरकुरत सुरू झाला. समोरच्या खुर्चीत माझ्या मुलीला बसवलं. ती माझ्यावर गेलेली, म्हणजे एका जागी ठरणं माहीत नाही.

लाल काच झाली. हिरवी लावताच ती खजुराच्या वाटीकडे वळली.

“आर वी डन, आजोबा?”

बाबांचे ओठ थरथरले.

“ह... हलू... नकोस गं.”

मी चक्क हमसून रडले. मुलगी “आजोबा बोलले!” म्हणत नाचायला लागली. बाबांनी मात्र आमच्याकडे लक्ष न देता निळी काच लावली.

आता दर शुक्रवारी फोटो असतो. बाबा तिला नीट बसायला सांगतात, अजून अडखळतच, पण शब्द वाढताहेत. आणि मी आधीच तिच्या कानात सांगून ठेवते, “खूप हल.”