कडकचं बोट

नजर जात चाललेल्या माणसांच्या वर्गाला कॉलेजने रसायनशास्त्राची प्रयोगशाळा दिली होती. हात लावावा तिथे काचेची नळी. ही कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली ते शेवटपर्यंत कळलं नाही. दिवसाची मुलं घरी गेली की संध्याकाळी आम्ही भिंत धरून आत यायचो, उंच स्टुलांवर चढून बसायचो आणि ब्रेलचे उठावदार ठिपके बोटांनी वाचायला शिकायचो.

मी हॉस्पिटलात टेलिफोनवर होते. जन्मभर लोकांना या वॉर्डातून त्या वॉर्डात जोडून दिलं. माझ्या नजरेच्या कडा विझत चालल्या होत्या. समोरचं दिसायचं, पण नळीतून पाहावं तसं. डॉक्टर म्हणाले, नळी बारीक होत जाईल आणि एक दिवस बंद होईल, उपाय नाही. मुलाने वर्गात नाव घातलं. मला जायचं नव्हतं. आंधळं व्हायची तयारी हौसेने कोण करतं?

पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या स्टुलावरून आवाज आला, "ताई, जरा सरकता का? मला मधलं दिसत नाही, आणि तुम्ही नेमक्या मधे बसलाय."

"मला कडेचं दिसत नाही, म्हणून मधे बसलेय."

"मग काय, झालंच," ती म्हणाली. "दोघी मिळून एक धड बाई होतोय."

अशी ती भेटली. लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि लॉन्ड्रीच्याच मागच्या खोलीत एकटी राहायची. बोलणं कांजी घातल्यासारखं, घडी न मोडणारं, म्हणून मी तिला कडक म्हणायला लागले. ती मला हॅलो म्हणायची. वयाच्या या टप्प्यावर नवी मैत्रीण मिळते यावर माझा विश्वास नव्हता. नातेवाईक मिळतात, आजार मिळतात, मैत्रीण कुठली?

तिला वाचायचं होतं. कपडे गुंडाळायला येणाऱ्या रद्दीतल्या गोष्टी वाचायचं तिला वेड होतं. पण रद्दीत अर्धीच गोष्ट यायची, शेवटचं पान दुसऱ्याच कोणाच्या पँटीबरोबर निघून जायचं. ती म्हणायची, "डोळे गेल्यावर खोलीत एकटीने करायचं काय? भिंतींशी भांडायचं? बोटाने वाचता आलं की निदान एक तरी गोष्ट शेवटापर्यंत नेईन."

आणि नेमकी तिची बोटंच मेलेली होती. इस्त्री किती तापली ते बघायला ती बोटाला थुंकी लावून तळाला टेकवायची. चर्र आवाज कसा येतो त्यावरून सुती कपडा घ्यायचा की रेशमी, ते ठरायचं. इस्त्रीवरच्या आकड्यांच्या चकतीला ती खोटारडी म्हणायची. सारा जन्म असा गेल्यावर बोटाचं टोक चपलेच्या तळव्यासारखं झालं होतं. डावा हात इस्त्रीच्या पुढे कापड सारखं करायचा, तोही वाफेने भाजून निबर झालेला. मला ठिपके पहिल्या आठवड्यातच लागायला लागले. तिला कागद नुसता कागद लागायचा.

आमचे सर जन्मांध, आमच्या मुलांच्या वयाचे. एकदा त्यांनी तिचं बोट हातात घेतलं, चाचपलं. मग दुसरं, मग तिसरं. दहाही बोटं झाल्यावर म्हणाले, "प्रयत्न करत राहा." डॉक्टरांचा तो सूर आम्हा दोघींनाही पाठ होता.

तिने प्रयत्नांची शर्थ केली. कोमट पाण्यात बोटं भिजवली, दगडाने घासली, तेलात बुडवली. इस्त्रीला बोट लावायचं बंद केलं, तर एका गिऱ्हाइकाचा सदरा जळाला आणि मालकाची बोलणी खाल्ली. एके दिवशी तिने कागद उचलून ओठांना लावला. ओठांना थोडं लागतंय म्हणाली. मागच्या स्टुलावरून कोणीतरी म्हणालं, "पुस्तकाचे मुके घेतल्याने विद्या येत नाही हो." सगळे हसले, तीही हसली. पण ओलसर ओठांनी पान मऊ पडलं आणि ठिपके बसून गेले. पुन्हा तिने ते केलं नाही.

त्याच सुमाराला मी सोडून द्यायला निघाले होते. संध्याकाळ झाली की मला रडू यायचं. मी कडकला म्हटलं, उद्यापासून मी येत नाही.

तिने पुढ्यातला कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं ऐकलं होतं. तुझ्याकडे दोन्ही आहेत, हॅलो, आणि तू ताटावरून उठतेस. मी माझं पान मांडून उपाशी बसते ते दिसतं ना तुला? नळीतून का होईना?"

दुसऱ्या दिवशी मी गेले.

पुढे सरांनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की या बोटांना वाचता येणार नाही. तिचं येणं संपलं असं मी धरून चालले. ती मात्र माझ्या आधी येऊन स्टुलावर बसलेली.

"आता कशाला येतेस?" मी विचारलं.

"तुला ऐकायला. आणि मी नाही आले तर तू येशील?"

नसते आले. तिलाही ते माहीत होतं. दिवसभर उभं राहून सुजलेले पाय घेऊन ती कॉलेजचा जिना चढायची, तिच्या काहीही उपयोगाच्या नसलेल्या वर्गासाठी. मी अडखळत वाचायचे, ती ऐकायची. पहिली गोष्ट शेवटापर्यंत गेली तेव्हा म्हणाली, "एवढंच होय? मला वाटलं खुनी नवराच निघेल." तिचे उपकार मी कसे फेडणार होते? मला आज जे वाचता येतं त्यातला प्रत्येक ठिपका तिचा आहे.

लिहिणं मात्र तिला जमायचं. पाटीत कागद अडकवून टोचणीने उलट्या बाजूने ठिपके पाडायचे असतात. माझे ठिपके मरतुकडे यायचे, तिचे खणखणीत. तिला स्वतःला ते वाचता यायचे नाहीत, एवढंच.

तिचं मधलं अंधारलेलं पसरत गेलं आणि कडेचंही गेलं. लॉन्ड्रीतलं काम सुटलं, त्याबरोबर खोलीही. लांब राहणारा भाऊ न्यायला आला. जाण्याच्या आदल्या दिवशी ती भावाचा हात धरून माझ्याकडे आली, पिशवीत जाड कागदाच्या पट्ट्या घेऊन. चहा, साखर, मीठ, हळद. "तुझ्या हाताला जोर नाही," म्हणाली, "माझे ठिपके तुला पुरतील." डब्यांची झाकणं उघडून, वास घेऊन तिने एकेक पट्टी चिकटवली. मला मदत करू दिली नाही.

हळदीला वास असतो, चहाला असतो. साखर आणि मिठाला नसतो. चाखून बघणं तिला कमीपणाचं वाटलं असावं. पट्ट्या कुठल्या क्रमाने ठेवल्यात ते तिला पाठ होतं, पण पिशवीत तो क्रम हलला असणार. मी बोट फिरवलं तर मिठाच्या डब्यावर साखर आणि साखरेच्या डब्यावर मीठ.

"बरोबर लागले ना?" तिने विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं.

तिने भावाच्या हातावर हात ठेवला आणि गेली. पट्ट्या मी तशाच राहू दिल्या; साखर हवी असली की 'मीठ' लिहिलेला डबा उघडायचा.

पुढे फोन व्हायचे. मी फोन मांडीवर ठेवून एका बोटाने वाचायचे. सुरुवातीला ती मधेच शेरे मारायची, मग नुसतं ऐकायची, मग ऐकते की नाही तेही कळेनासं झालं. तिची भावजय म्हणायची, "वन्सं दिवसभर बसून असतात हो नुसत्या. काही म्हणजे काही मागत नाहीत." एकदा मी विचारलं, गोष्ट आवडली का? ती म्हणाली, "संपली का ती?" मग एका दुपारी तिच्या भावाचा फोन आला. सगळं आटोपल्यावर कळवत होता. झोपेतच गेली म्हणाला.

माझी नळीही त्याच दिवसांत बंद झाली. आता मी वाचते, पण मोठ्याने वाचत नाही. ऐकणारं कोणी नाही, आणि मनातल्या मनात वाचलेली गोष्ट शेवटाला गेली काय नि न गेली काय.

परवा सून आली होती. पट्ट्यांच्या कडेला मी वाचून सांगितलेली नावं मुलाने पेनाने लिहिली होती; ती बघून तिने चहा केला, पहिला घोट घेतला आणि मोरीकडे धावली. "आई, हे डबे उलटे आहेत. कोणी लावले?" मी म्हटलं, एका मैत्रिणीने. पोर गुणी आहे. पट्ट्यांना हात न लावता तिने साखर साखरेच्या डब्यात ओतली, मीठ मिठाच्या, आणि दोन्ही झाकणं पुसून ठेवली. "आता नाही गोंधळ व्हायचा," म्हणाली. मी तिला बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आज सकाळी चहा ठेवला. हात सवयीने 'मीठ' लिहिलेल्या डब्याकडे गेला. बोट ठिपक्यांवरून फिरलं, चमचा भरला, ढवळलं. टेबलाशी येऊन बसले आणि घोट घेतला.

खारट. मी तो ओतून टाकला नाही. सावकाश, शेवटपर्यंत प्यायले.

"आता लागलेत गं बरोबर," मी म्हटलं.