तोंड दिसेल असा एक फोटो

बायको गेली त्याच्या नवव्या दिवशी तिच्या आईनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. करडी गावातल्या आपल्या घरात लावायला तिला मुलीचा फोटो हवा होता. “लहान असला तरी चालन, जवाई,” ती म्हणाली, “पन तोंड दिसलं पाह्यजे.” मी लगेच हो म्हणालो. नाही म्हणायचं कारणच नव्हतं, माझ्याकडे बायकोचे शंभराच्या वर फोटो होते. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये पलंगाखाली दोन पेट्या भरून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या उपसल्या आणि दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं, की तिचं तोंड दिसेल असा त्यात एकही फोटो नाही.

तिचे हात होते, पाठ होती, चिखलातले पाय होते. सूप धरलेली काळी आकृती होती. हे कसं झालं ते सांगायला मला थोडं मागं जावं लागेल, आणि त्यात माझी बाजू घेण्यासारखं फारसं काही नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा आम्ही तिघं फोटोंच्या नादी लागलो. मी जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कारकून. दुसरा तिथलाच एक ड्राफ्ट्समन, बंगालकडचा, वयानं आणि मानानं आमच्यापेक्षा मोठा. तिसरा शहापूरच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर. कारखान्याच्या गेटच्या आत कॅमेरा न्यायला मनाई, म्हणून आम्ही सायकली काढून आसपासची गावं धुंडाळायचो. एका आड एका रविवारी माझ्याकडे बैठक असायची. पलंग भिंतीला टेकवून उभा करायचा, त्याच्या पट्ट्यांत फोटो खोचायचे, मागे नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. मग एकमेकांच्या फोटोंची चिरफाड सुरू. ड्राफ्ट्समनकडे पुठ्ठ्याचे दोन काटकोन होते. ते फोटोवर ठेवून तो आत-बाहेर सरकवायचा आणि म्हणायचा, “यहाँ से काटो.” मास्तरची आभाळं, माझ्या म्हशी, कितीतरी परक्या माणसांचे पाय त्यानं असे उडवले. आम्हाला राग यायचा, आणि घरी गेल्यावर आम्ही कात्री घेऊन तेवढंच कापायचो.

त्याचा एक नियम सगळ्यांच्या वर होता. “कैमरे में देखा, तस्वीर गई.” कॅमेऱ्याकडे बघत, बांबू गिळल्यासारखं ताठ बसून काढतात ते स्टुडिओवाल्याचं काम. आपण कलाकार. माणसाला कळूच नये की त्याला टिपलंय. मला हे इतकं पटलं होतं की मी लग्नाच्या वरातीतसुद्धा लोकांच्या मागून फोटो काढायचो. शेजारी मला बोलवायचे बंद झाले, तेही मला अभिमानाचंच वाटलं.

पण मागून तरी कोणाला टिपणार? गावातल्या बायका कॅमेरा दिसला की पदर ओढून घरात जायच्या. घरची बायको मात्र हक्काची होती. तिचं माहेर करडीचं, तिथल्या बोडीखाली, म्हणजे गावतळ्याच्या पाण्यावर, त्यांच्या धानाच्या बांध्या, भाताची खाचरं होती. रोवणीला, कापणीला ती आईच्या मदतीला जायची आणि मी गळ्यात कॅमेरा अडकवून मागोमाग. सासरा नव्हता, हातांची गरज होती, आणि जावई बांधावर बसून उजेड मोजत असायचा. माझी सासू, तिला मी मामी म्हणायचो, कधी चकार शब्द बोलली नाही.

एका हिवाळ्यात खळ्यावर बायको सुपानं धान उडवत होती. मी मावळतीकडे तोंड करून फोटो घेतला. तिची नुसती काळी आकृती आली, आणि सुपातून पडणारं धान पांढऱ्या धारेसारखं. बैठकीत ड्राफ्ट्समननं काटकोन हातात घेतले, बराच वेळ पाहिलं आणि काटकोन खाली ठेवले. “इसमें काटने को कुछ नहीं,” तो म्हणाला. महिनाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

मी तो फोटो तिला दाखवला. ती म्हणाली, “हे मीच आहो, हे कोनाले समजन?”

“समजाची गरजच नाही,” मी म्हणालो. “हा फोटो मानसाचा नाही, उजेडाचा आहे.” हे वाक्य ड्राफ्ट्समनचं होतं, मी फक्त मराठीत आणलं होतं.

“तुमच्या साहेबाले मानसाचं तोंड पाहून कंटाळा येते का?” ती म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली. तिला त्या दिवशी लवकर आटपायचं होतं, कारण दुपारी आमचं स्वयंपाकघर म्हणजे डार्करूम. खिडकीला घोंगडी ठोकून मी तिच्या परातीत फोटो धूत असे.

तिनं मला साधा फोटो मागितला नाही असं नाही. तीनदा-चारदा मागितला. “माहा एक साधा फोटो काढा ना. आईच्या घरी लावाले.” काढू, म्हणालो. फिल्ममध्ये एकच घर उरलंय, ते कशाला वाया घालवायचं, असं दर वेळी वाटायचं. ती भांडली असती तर काढलाही असता. ती भांडली नाही.

त्याच सुमारास ड्राफ्ट्समननं मला लाल फिल्टर मागवून दिला. भिंगाला लावायची लाल काच. तिच्यामुळे निळं आभाळ काळंभोर येतं आणि ढग उठून दिसतात, आणि लाल रंग कागदाइतका पांढरा होऊन जातो. बायकोनं ती काच डोळ्याला लावून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. रविवारचे लाल आकडे दिसेनासे झाले होते. “यातून त तुमचा इतवारच गायब झाला,” ती म्हणाली. “मले देऊन टाका ही काच.” मी हसलो. तिचा प्रत्येक रविवार मी खात होतो हे ती सांगत होती, ते मला कळलं नाही अशातला भाग नाही. कळून सोडून दिलं.

मग तो पाळीवरचा, तळ्याच्या बांधावरचा फोटो. बोडीच्या पाळीवरून ती पुढे चालली होती, डोक्यावर धानाच्या रोपांची पेंढी. मागून सुंदर दिसत होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि अगदी बटण दाबताना ती मागे वळली. वळली आणि मला पाहून हसली.

“काहून पाह्यलं? सांगतलं होतं ना, इकडं पाहू नोको म्हनून.”

“मले वाटलं तुमी हाक मारली.”

“मी कायले हाक मारीन?”

ती पुन्हा पुढे चालायला लागली. माझा उजेड गेला होता. दिवसभर मी तिच्याशी धड बोललो नाही, एका फोटोसाठी.

फिल्म धुतली की तिच्या सगळ्या पट्ट्या एका कागदावर ठेवून आम्ही छाप काढायचो, छत्तीस फोटो एका पानावर, एकेक पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा. त्यातले फुकट गेलेले आपणच लाल बॉलपेननं फुली मारून खोडायचे, मग बैठकीत आणायचे, असा दंडक होता. “पहले खुद काटो.” त्या फोटोवर मी फुली मारली. राग होता अजून. पेन दाबून मारली. आणि तेवढी निगेटिव्ह कापून रद्दीच्या डब्यात टाकली. पुढे ग्रहण आलं तेव्हा क्वार्टरमधल्या बायामाणसांनी सूर्याकडे पाहायला काळी फिल्म मागितली. त्या डब्यातले तुकडे बायकोनंच वाटले, दोन-दोन एकावर एक धरून पाहा म्हणून. कोणाच्या तरी डोळ्यासमोर त्या दिवशी तिचं तोंड होतं. ते त्यांनी पाहिलं नाही, आणि ग्रहण सुटल्यावर ते तुकडे कुठे गेले कोणाला माहीत.

दोन वर्षांनी पावसाळ्यात तिला कावीळ झाली. तिचे डोळे पिवळे झालेत हे मला शेजारणीनं सांगितलं. मी, जो पाच वर्षं तिच्याकडे भिंगातून पाहत होतो, ज्याला ढगाच्या कडेचा उजेड कळायचा, त्याला हे दिसलं नव्हतं. याची लाज मला अजून वाटते, आणि ती कमी होत नाही. आधी गावठी औषध झालं, मग भंडारा, मग नागपूर. अठराव्या दिवशी ती गेली. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

आता मी पुन्हा त्या पेट्यांकडे येतो. लग्नाचा एक फोटो होता, पण त्यात नवरीनं मान खाली घातलेली, वरून मुंडावळ्या. कपाळ आणि नाकाचा शेंडा एवढंच दिसत होतं. सगळं उपसून झाल्यावर तळाशी छापांच्या पानांचा गठ्ठा निघाला. त्यात ते पान होतं. खालून दुसऱ्या ओळीत, लाल फुलीच्या मागे, ती माझ्याकडे पाहून हसत होती.

तेरवी फोटोशिवाय झाली. त्यानंतरच्या रविवारी ड्राफ्ट्समन आणि मास्तर आले. मी त्यांच्यापुढे पान ठेवलं आणि काय हवंय ते सांगितलं. ड्राफ्ट्समन म्हणाला, “लाल है न? फिर तो निकल जाएगा.” त्या छापाचाच जवळून फोटो घ्यायचा, लाल फिल्टर लावून. लाल रेघ पांढरी पडेल आणि चेहरा राहील. त्याच्याकडे जवळून टिपायच्या रिंगा होत्या. आम्ही पान खिडकीत लावलं, पांढऱ्या चादरीनं उजेड फिरवला, तिघांनीही आपापल्या अक्कलहुशारीप्रमाणे एकमेकांना सूचना दिल्या. खरं सांगतो, त्या तासाभरात मी दुःख विसरलो होतो. आशा वाटत होती.

दुपारी परातीत कागदावर ती हळूहळू उमटली. लाल रंग खरंच गेला होता. पण मी पेन दाबलं होतं, आणि कागदावर त्याचा चर पडला होता. रंग गेला, चर राहिला. एक रेघ पुसट होती. दुसरी, आधी मारलेली असणार, डाव्या भुवईपासून गालावरून हनुवटीपर्यंत स्पष्ट उतरली होती. आम्ही उजेड बदलून आणखी चार वेळा काढून पाहिलं. दर वेळी ती रेघ थोडी हलायची, जायची नाही.

मग मास्तरनं बारीक ब्रश घेतला आणि रेघ रंगवून बुजवायला बसला. चांगला हात होता त्याचा. पण एकेक ठिपका पडत गेला तशी ती दुसरीच कोणी होत गेली. शेवटी रेघ दिसत नव्हती आणि माझी बायकोही दिसत नव्हती. मास्तरनं ओल्या कापसानं सगळं पुसून टाकलं. “मले नाही जमत, भाऊ,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे न पाहता ब्रश धुवायला गेला.

ड्राफ्ट्समननं सवयीनं काटकोन काढले होते. ते त्यानं परत पिशवीत घातले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, “फोकस अच्छा है.” मी मान डोलावली. तो बरोबरच बोलत होता.

रंगवलेला नाही, रेघेचाच फोटो घेऊन मी करडीला गेलो. वाटेत भंडाऱ्याला काच आणि चौकट करून घ्यावी असं मनात आलं, पण काचेआडून तिला पाहायला मामीला त्रास होईल म्हणून तसाच नेला. मामी अंगणात बसली होती. तिनं हात लुगड्याला पुसले, फोटो दोन्ही हातांत घेतला आणि उन्हात धरला. बराच वेळ पाहिलं.

“हासून राहिली,” ती म्हणाली.

मग तिचं बोट त्या रेघेवर आलं. भुवईपासून खाली हनुवटीपर्यंत तिनं ते फिरवलं.

“हे कवा लागलं होतं तिले, जवाई? मले कोनी सांगतलं नाही.”

खोटं बोलता आलं असतं. फांदी लागली, पडली होती, काहीही. माझ्या तोंडून ते निघेना.

“लागलं नाही, मामी. पेनाची रेघ आहे. म्याच मारली होती.”

“तिच्या तोंडावर? कायले?”

“तिनं माह्याकडं पाह्यलं म्हनून.”

पदराचं टोक बोटाला गुंडाळून मामीनं रेघ पुसली, फोटो उन्हात धरून पाहिला, आणि परत पुसायला लागली.