उजव्या बाजूचा बगल्या

परवा गावची यात्रा झाली. मांड्या अजून भरलेल्या आहेत, जिना उतरताना कठडा धरावा लागतोय... पण मनातलं लिहून टाकावं म्हणतो.

आमचं गाव नांदगाव तालुक्यात. यात्रेत खंडेरायाच्या नावानं बारागाड्या ओढतात. एकामागे एक बांधलेल्या बैलगाड्या, त्यात खच्चून भरलेली माणसं, आणि पुढे बैलांच्या जागी जू धरून पळणारा भगत. त्याच्या दोन्ही बाजूंना, बगलेत हात घालून पळणारे दोघं... त्यांना बगले म्हणतात.

गाड्यांनी एकदा वेग घेतला की भगताला थांबता येत नाही. तो पडला तर मागून चाकं येतात. बगल्याचं काम एवढंच, त्याला पडू द्यायचं नाही.

भगत म्हणजे माझा चुलतभाऊ, दगूदादा. डावीकडे त्याचा थोरला मुलगा असतो. उजवी बाजू माझ्या वडिलांची, अण्णांची होती, ते गेल्यापासून माझी.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा दादानं माझ्या पोटाकडे बराच वेळ बघितलं. "यंदा गाडीसंगं पळणार का गाडीत बसणार?" सगळे हसले, मीही हसलो. पण दादा हसत नव्हता.

माझी नोकरी खुर्चीतली. नाशिकरोडला परत आल्यावर दोन मजले चढलो आणि दारात धाप टाकत उभा राहिलो... मग दुसऱ्या दिवसापासून पहाटे एकलहऱ्याच्या रस्त्याला जायला लागलो. पळणं कसलं, आधी नुसतं चालणंच.

याआधी दोनदा जिम लावून सोडली होती, त्यामुळे घरात कुणाचा विश्वास नव्हता. थंडीत मी गोधडी डोक्यावर ओढली की बायको कूस न बदलता म्हणायची, "दगूदादांना फोन करू का? यंदा गाड्या जरा सावकाश ओढा म्हणते." मग उठावंच लागायचं. बुटाची लेस बांधताना दादाची पाठ डोळ्यांसमोर यायची... आणि तिच्यामागे ती चाकं.

यात्रेच्या दिवशी बगल्यांचा उपास असतो. वडील पाण्याचा थेंबही घेत नसत, म्हणून मीही घेत नाही. पण परवाचं ऊन फार कडक होतं. दुपारी ओट्यावरून उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली.

कुणाला बोललो नाही. खांबाला टेकून नामस्मरण करत बसलो... इतके महिने पळालो, आणि आज पायच लटपटतायत.

दादाच्या बायकोनं, वहिनीनं ते पाहिलं. ती गूळपाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहिली. मी म्हटलं, "वहिनी, उपास आहे." ती हलली नाही.

"अण्णा बी पीत नव्हते, ठाऊक हाय मला. पण अण्णा रोज औत धरायचे. तुमी दिसभर पंख्याखाली बसता, भाऊजी." मग आवाज खाली गेला. "उपास देवाचा हाय, पण हात माझ्या मालकाच्या बगलंत हाय. प्या."

मी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि तांब्या रिकामा केला.

ऊन कलल्यावर गाड्या निघाल्या. भंडारा उधळला, येळकोटाचा गजर झाला, आणि मागून चाकांचा खडखडाट वाढत गेला... मग कानात फक्त दादाचा श्वास.

मंदिराच्या अलीकडे वळण आहे. धूळ बसावी म्हणून कुणीतरी तिथं टँकरनं पाणी मारलं होतं, भरपूर. दादाचा पाय त्या चिखलात सटकला. गुडघा टेकता टेकता त्याचा सगळा भार माझ्या उजव्या... नाही, डाव्या हातावर आला. अजूनही नीट आठवत नाही, इतक्या पटकन झालं ते.

मी त्याला उचललं आणि पळत राहिलो. डावीकडून पोरानं ओढलं. काही पावलं दादाचे पाय जमिनीला नीट लागतच नव्हते, आम्हीच त्याला नेत होतो... मग ते लागले.

चाकांखाली लाकडं पडली, गाड्या थांबल्या. दादा मंदिराच्या पायरीवर बसला. माझा हात त्यानं अजून सोडला नव्हता. मग माझ्या कपाळाला भंडारा लावत म्हणाला, "पोट कुठं ठिवून आला रं?"

मागे वहिनी उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि आत निघून गेली.

आज पहाटे जाग आली तेव्हा पुढच्या यात्रेला अख्खं वर्ष होतं. तरी बायकोनं दगूदादांचं नाव काढण्याआधीच उठलो. इतकी वर्षं वाटायचं, शरीर आपलं आहे, ठेवू तसं राहील... पण त्याच्यावर आणखी कुणाचा भार येणार आहे, ते आपल्याला आधी कळत नाही.

बूट घातले. देवापुढे हात जोडले, घोटभर पाणी प्यायलो, आणि निघालो.